आपण पाहिलेली घरं

मामाजी,

तुमच्या घरात सून म्हणून आले तेव्हापासून मागच्या उन्हाळ्यापर्यंत मी तुमच्याशी एक अख्खं वाक्य सरळ बोलले नव्हते. तशी पद्धतच नव्हती. सासूबाई होत्या तोवर जे काही असेल ते त्यांच्यामार्फत. त्या गेल्या, रेवा बोलायला लागली, आणि ते काम नातीकडे आलं. मी म्हणायची, "रेवा, आजोबांना विचार, भात आणखी वाढू का." तुम्ही म्हणायचे, "रेवा, तुझ्या मायले सांग, पोट भरलं." तुम्ही तिथेच जेवायला बसलेले, मी तिथेच गॅसपाशी उभी, आणि मधल्या दोन पावलांत निरोप घेऊन धावणारी ती पोर.

तेरवी झाली. पाहुणे गेले. मी गोंदियाला परत येऊन कामावर रुजू झाले. आता मधे कुणी नाही, म्हणून सरळ तुमच्याशीच बोलते. उत्तर येणार नाही हे माहीत आहे. तसं तुमचं उत्तर आधीही फार मोठं नसायचं.

मला सारखी ती घरं आठवतात. आपण पाहिलेली आणि न घेतलेली.

गावातली शाळा चौथीपर्यंतच. रेवाची चौथी संपत आली आणि मला रात्रंदिवस तोच घोर लागला. पाचवीसाठी शेजारच्या मोठ्या गावात जावं लागणार, मधे नाला. माझी नोकरी गोंदियाला, रक्ताच्या लॅबमध्ये. सकाळी स्कूटीनं आमगाव, तिथून गाडी, गाडी उतरून ऑटो. संध्याकाळी तेच उलट. गाडी उशिरा आली की घरी पोचेस्तोवर अंधार. रेवा तोवर तुमच्या खाटेवर झोपलेली असायची. तुमचा मुलगा रायपूरला शिफ्टमध्ये, पंधरा दिवसांनी एकदा घरी. शेवटी आम्ही दोघांनी ठरवलं की गोंदियाला, शहराबाहेरच्या एखाद्या वस्तीत घर घ्यायचं. चांगली शाळा जवळ असावी, मला कामावर लवकर जाता यावं, आणि यांना स्टेशन सोयीचं पडावं.

यांना सुटी मिळेना. फोनवर म्हणाले, "तू आणि बाबा पाहून या."

मला हसूच आलं. तुम्ही नाही म्हणणार याची खात्री होती. घर सोडून जायचं हेच तुम्हाला पटलेलं नव्हतं, तुमच्या कमी झालेल्या जेवणातून ते कळत होतं. पण शनिवारी तुम्ही रेवाला म्हणालात, "तुझ्या मायले सांग, उद्या सकाळी निघू."

त्या रविवारी सासरा सुनेच्या स्कूटीवर मागे बसून गावातून गेला. मंदिराच्या पारावरची माणसं बोलायची थांबली. तुम्ही आपल्या दोघांच्या मधे कापडी पिशवी ठेवली होती, तिच्यात डबा आणि पाण्याची बाटली. खांद्यावरचा दुपट्टा डोक्याला गुंडाळलेला. माझा पदर वाऱ्यानं उडत होता आणि तो सावरू की हँडल सांभाळू असं झालं होतं. गाव मागे पडलं तरी कुणी बोलेना, बोलणार कसे, रेवा नव्हती ना. मग रस्त्यात एके ठिकाणी तुम्ही म्हणालात, "समोर गड्डा आहे." तुमचं माझ्याशी पहिलं सरळ वाक्य ते. मी म्हणाले, "हो, दिसला." हे माझं.

फुलचूरकडची ती वसाहत तुम्हाला आठवत असेल. मोठी कमान, कमानीशी चौकीदार, आत एकसारखी दुमजली घरं. दलाल गॉगल लावून आला होता आणि हिंदीत बोलत होता. मला ती जागा फार आवडली. शेजारी इंग्रजी शाळा, तिची पिवळी बस थेट कमानीपर्यंत यायची. तुम्ही नळ सोडून पाहिला, भिंतीवर हात फिरवला, खिडकीतून बाहेर पाहिलं. मग पुढच्या घरात वाळवण घालणाऱ्या बाईला तुम्ही जाऊन विचारलंत, "इथून पोरगी एकटी शाळेत जाऊ शकते का?"

ती बाई गोंधळली. दलालच मधे म्हणाला, "बाबूजी, बस है ना. अकेली क्यों जाएगी?"

 बाहेर टपरीवर चहा घेताना तुम्ही मला म्हणालात, "बस नाही आली तर?"

मी म्हणाले, "तर मी सोडीन."

"तू ड्युटीवर असशील."

"मग एखादा दिवस बुडेल, मामाजी. सगळ्यांचाच बुडतो."

तुम्ही कपातला चहा संपवला. "एक दिवस बुडते, मग दोन बुडतात. मग घरचे म्हणतात, राहू दे." एवढंच बोलून तुम्ही उठलात. मला राग आला. मला वाटलं, हे नकोच म्हणायचं ठरवून आलेत आणि आता कारणं काढून राहिले.

पुढचा रविवार कुडव्याकडे गेला. तिथला फ्लॅट माझ्या लॅबपासून इतका जवळ की दुपारी घरी जेवायला येता आलं असतं. पण जिना अंधारा होता, तुम्ही मधल्या वळणावर कठडा धरून थांबलात. मी पुढे जाऊन घर पाहत राहिले. खाली आले तर तुम्ही किराणा दुकानाच्या पायरीवर बसून दुकानदाराला तोच प्रश्न विचारत होता. मला लाज वाटली. पोरगी एकटी, पोरगी एकटी. काय समजत असतील लोक? मी तुम्हाला घाईनं उठवलं. पुढे कितीतरी वस्त्या झाल्या. प्रत्येक ठिकाणी मी खोल्या पाहायची, सिंक पाहायची, कपडे वाळत घालायला जागा आहे का ते पाहायची. तुम्ही बाहेर कुणाच्या तरी ओट्यावर बसून गल्ली पाहत राहायचे.

नागरा रोडचं घर आपण पाहिलं तेव्हा मे महिना संपत आला होता. अर्धवट झालेलं ले-आउट. काही बैठी घरं उभी, काही प्लॉटवर नुसतं गवत. गल्लीच्या टोकाला धानाचे बांध आणि पलीकडे राईस मिलची चिमणी. घर लहान. अंगणात पाऊल टाकलं तर फरशीवर मिलच्या कोंड्याचा बारीक थर. मी तिथूनच मागे वळणार होते. पण तुम्ही शेजारच्या ओट्यावर बसलाही होता. तिथे साहूजी होते, रेल्वेतून रिटायर झालेले, छत्तीसगडकडचे. तुम्ही आपल्या झाडीबोलीत बोलत होता, ते हिंदीत, आणि दोघांचं बरं जमलं होतं. त्यांनी सांगितलं, इथल्या पोरी शाळेत पायी जातात, सायकलनं जातात, गटानं जातात, शाळा त्या वळणाच्या पुढेच आहे. त्यांची नातही जाते. सुटीचे दिवस असल्यानं रस्ता रिकामा होता. तरी तुम्ही त्या वळणापर्यंत चालत गेलात आणि परत आलात. उन्हानं चेहरा लाल झाला होता.

"हे पाह्य," एवढंच म्हणालात. घर पाहा असं नाही. रस्ता पाहा.

तिथून आपण नागऱ्याच्या महादेवाला गेलो. दर्शन घेऊन सावलीत बसलो, डबा उघडला. तुमच्यासमोर जेवायची मला सवय नव्हती, मी पाठ करून बसले होते. आणि तसंच पाठमोरी मी तुमच्याशी भांडले. हो, भांडलेच. म्हणाले, ती शाळा साधी आहे, सेमी इंग्रजी आहे. फुलचूरच्या शाळेतली मुलं कशी फाडफाड बोलतात. उद्या रेवा मागे पडली तर कुणाला विचारू? आणि तो कोंडा? वर्षभर घरात कोंडा खायचा?

तुम्ही सगळं ऐकून घेतलं. मग म्हणालात, "इंग्रजी तू शिकव. कोंडा मी झाडीन."

"तुम्ही येणार राहायला?" मी वळून विचारलं. पदर कुठे होता तेही मला कळलं नाही.

 तुम्ही डब्याचं झाकण लावलंत.

हे भांडण संपलेलं नाही, मामाजी, आजही संपलेलं नाही. तुम्ही गेलात म्हणून मी हार मानणार नाही. रेवाला हिवाळ्यात त्या कोंड्यानं खोकला झाला, दोन आठवडे पुरला. परवा लॅबमधल्या मैत्रिणीच्या मुलीनं तिच्याशी इंग्रजीत बोलायला सुरुवात केली, तर ही नुसती उभी राहिली. मला तेव्हा फुलचूरची पिवळी बस आठवली. तुम्हाला सांगायचं होतं. तुम्ही काहीतरी म्हणाला असतात आणि मला त्याचा राग आला असता. तो रागही आता कुणावर काढू?

जूनमध्ये आपण सामान हलवलं. यांना चार दिवस सुटी मिळाली. तुम्ही टेम्पोत पुढे बसून आलात, मागे घरच्या तांदळाची पोती. समोरची खोली मी तुमच्यासाठी लावली होती. तुम्ही म्हणालात, दोन-चार दिवस राहतो, पोरीचा जीव रमेपर्यंत. आणि राहिलात ते पोळा, गणपती, दसरा होईपर्यंत. तुमच्या शब्दाला जागून रोज सकाळी अंगण झाडायचे. मी आवरून बाहेर यायची तर कोंड्याचा ढीग कडेला लावलेला असायचा.

रेवाला तुम्ही शाळेत सोडायला जायचे. आधी हात धरून. मग तिनं सांगितलं, मैत्रिणी हसतात, तर तिच्या थोडं मागून. मग फक्त वळणापर्यंत. मग एक दिवस साहूजींच्या ओट्यावरूनच तुम्ही हात हलवलात आणि ती पाठीवरचं दप्तर उडवत निघून गेली. मी दारातून पाहत होते. ती वळणाआड गेली तरी तुम्ही तिकडेच बघत होता.

आणि माझं काय झालं ते तुम्हाला कधी सांगितलंच नाही. मी लॅबमधून निघायची आणि पाव तासात घरी. पहिल्या दिवशी दाराशी आले तर ऊन होतं. नोकरीला लागल्यापासून संध्याकाळचं ऊन मी कामाच्या दिवशी घरी कधी पाहिलं नव्हतं. मला काय करावं ते कळेना. चहा टाकला. तुम्ही खुर्चीवर अंगणात, मी आत उंबऱ्याशी. रेवा तुमच्यासमोर उभी राहून शाळेतल्या गोष्टी सांगायची, हातवारे करून, बाईंचा आवाज काढून, आणि तुम्ही हसायचे. तुम्ही इतके हसता हे मला माहीत नव्हतं. गावच्या घरात तुमचं हसणं आमच्यापर्यंत येत नसे.

अशाच एका संध्याकाळी रेवा खेळायला गेली होती. मी चहा घेऊन आले, पदर सावरत. तुम्ही कप घेतलात आणि समोर बघतच म्हणालात, "डोक्यावर पदर कायले घेतेस? इथं कोण पाहून राहिलं?"

मी तशीच उभी राहिले. मग पदर खांद्यावर घेतला. तुम्ही वर पाहिलं नाही, मला अवघड वाटू नये म्हणून. फुंकर मारून चहा प्यायलात. मी आत जाऊन ओट्याला टेकून रडले. कशासाठी रडले ते मला सांगता येणार नाही. माझे वडील मी शाळेत असतानाच गेले, हे तुम्हाला माहीत होतं. त्याबद्दल तुम्ही कधी बोलला नाहीत, मीही नाही.

दसरा झाला, धान पिवळं पडलं, आणि तुम्ही पिशवी भरली.

मी म्हणाले, शेत अध्यानं द्या, अर्ध्या वाट्यावर कापणी ते लोक करतील, तुम्ही कशाला जाता? तिथे जेवायला कोण घालणार? तुम्ही म्हणालात, "पोरगी आता एकटी जाऊन राहिली. माझं काम झालं." मी म्हणाले, काम असेल तरच राहायचं का माणसानं? तुम्ही म्हणालात, "इथं मी पाहुणा आहो, रेवाची माय." मला ते फार लागलं. पाहुणा. इतक्या महिन्यांत मी काय कमी केलं? मी डबा बांधून दिला. तुम्ही ऑटोत बसलात. साहूजी ओट्यावरून म्हणाले, "जल्दी आना, बाबू." तुम्ही मान हलवलीत. मी मात्र 'या' म्हणाले नाही. मनात होतं की तुम्ही स्वतः म्हणावं, येतो.

त्यानंतर तुम्ही रोज संध्याकाळी रेवाला फोन करायचे. तिच्या शाळेतलं सगळं तुम्हाला हवं असायचं. शेवटी ती विचारायची, आईला देऊ? तुम्ही म्हणायचे, "राहू दे, तिले काम असंल." मी तिथेच असायची.

संक्रांतीला आलात, तिळाचे लाडू घेऊन. चेहरा उतरलेला वाटला. मी हट्टानं तुमचं रक्त काढलं. एवढा शेतकरी माणूस, पण सुई पाहून तोंड फिरवलंत आणि रेवा खदखदून हसली. माझ्या बोटांना तुमचा हात तेवढ्यापुरता लागला. कातडी खडबडीत, पण गरम. रिपोर्ट सगळे बरे आले. मीच काढले, मीच पाहिले, परत एकदा लॅबमधल्या सरांना दाखवले. सगळं बरं होतं. तुम्ही फोनवर रेवाकरवी म्हणालात, "पाह्य, मी म्हणत नव्हतो?" आणि माघ पौर्णिमेला सकाळी, परसात ऊन खात बसलेले असताना, तुम्ही तसेच बसल्या जागी गेलात. शेजारची काकू ताक घेऊन आली, तेव्हा तिला कळलं.

फोन आला तेव्हा मी लॅबमध्ये होते. यांना कळवलं, ते रायपूरहून निघाले. रेवाला शाळेतून घेतलं आणि स्टेशन गाठलं. फलाटावर उभं राहायला जागा नव्हती. कचारगडला गोंडांची यात्रा. पिवळे दुपट्टे, पिवळ्या साड्या, झेंडे, ढोल, डोक्यावर गाठोडी. आम्ही दोघी कशाबशा डब्यात शिरलो. लोक गोंडीत गाणी म्हणत होते. मी दाराजवळ रेवाला पोटाशी धरून उभी होते आणि मला कुणाचाच राग आला नाही. त्यांचा देव होता, त्यांचा दिवस होता. खिडकीपाशी एक म्हातारी बसली होती. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग रेवाकडे. काही न विचारता आपलं गाठोडं मांडीवर घेतलं, सरकून जागा केली आणि माझा हात धरून मला बसवलं.  आमगाव जवळ आलं तसं हळूच म्हणाली, "बाप होता का?"

मी म्हणाले, "हाव."

रेवानं माझ्याकडे पाहिलं. मी ते दुरुस्त केलं नाही.

तुम्हाला नेताना आपल्या नागरा रोडच्या गल्लीतली माणसं आली, हे तुम्हाला कळलं असतं तर तुम्ही संकोचून गेला असता. साहूजींनी ऑटो ठरवले होते, दोन ऑटो भरून लोक. किराणावाला आला, इस्त्रीवाला आला. आपल्या गावची जाणती माणसं एकमेकांना विचारत होती, हे कोण, हे कुठले? साहूजी हात जोडून म्हणाले, "हमारे मोहल्ले के बुजुर्ग थे."  तुम्ही स्वतःला पाहुणा म्हणाला होता, मामाजी. पाहुण्यासाठी कुणी एवढ्या लांबून असं येत नाही. हे तुम्हाला तोंडावर सांगायला मला फार आवडलं असतं.

आणि आता शकुनताईंचं.

तेरवीच्या आदल्या दिवशी आम्ही दोघी मागच्या पडवीत तांदूळ निवडत बसलो होतो. नणंद म्हणून त्यांच्याशी माझं नातं नेहमी सणावारापुरतं. लग्न लवकर झालं, सासर लांजीकडे, येणं कमी. त्या सुपातला तांदूळ पाखडत सहज म्हणाल्या, "वहिनी, त्या फुलचूरच्या घराले कमान होती ना मोठी?"

मी चकित झाले. त्यांना कसं माहीत?

"बाबा सांगत होते. तुम्ही घर पाहून आल्या की संध्याकाळी मले फोन करत. आज असं घर पाह्यलं, तसं घर पाह्यलं. कुडव्याच्या जिन्यात दम लागला, तेही सांगितलं. रेवाच्या मायले सांगू नोको म्हणे."

मग त्यांनी मला ते सांगितलं जे तुम्ही कधी कुणाला सांगितलं नाहीत. शकुनताई सातवीपर्यंत शिकल्या होत्या. वर्गात पहिल्या-दुसऱ्या. आठवीची शाळा नाल्यापलीकडे. तुम्ही सायकलवर सोडायचे. पेरणी आली की जमायचं नाही, नाल्याला पाणी आलं की जमायचं नाही. एक दिवस बुडायचा, मग दोन. त्या वर्षी सासूबाई आजारी पडल्या, आणि एक दिवस तुम्ही सायकल काढलीच नाही. म्हणालात, राहू दे आता. रागानं नाही, मारहाण करून नाही. ताई म्हणाल्या, "मीही हो म्हटलं. मले वाटलं, थोड्या दिवसांची गोष्ट आहे."

मी विचारलं, यावर तुम्ही पुढे कधी काही बोललात का.

"नाही. कधीच नाही. पण मागच्या उन्हाळ्यात, घरं पाह्याले निघायच्या आधी विचारलं. म्हणे, शकुन, तू सांग, कसं घर घेऊ. मी म्हटलं, बाबा, मले कायले विचारता, मी का राहून राहिली तिथं? तर म्हणे, तुलेच विचारून राहिलो." सुपावरचा त्यांचा हात थांबला. "मग मी म्हटलं, जिथून पोरगी एकटी शाळेत जाईल, कोणी सोडो न सोडो, ते घ्या."

मी सूप खाली ठेवलं. टपरीवरचा तुमचा चेहरा माझ्यासमोर आला. मी तुमच्यावर चिडले होते, दुकानाच्या पायरीवरून तुम्हाला घाईनं उठवलं होतं. मी तेव्हा खोल्या पाहत होते. तुम्ही शकुनताईंचं बोलणं गल्लोगल्ली विचारत फिरत होता.

मागच्या आठवड्यात ताई गोंदियाला आल्या, पहिल्यांदाच. प्राची, त्यांची धाकटी, बरोबर होती. यंदा दहावीला आहे, परीक्षा तोंडावर. ताईंनी सगळं घर फिरून पाहिलं आणि शेवटी तुमच्या खोलीच्या दारात उभ्या राहिल्या. प्राचीला अकरावीला सायन्स घ्यायचं आहे, तिकडे जवळ सोय नाही, घरचे पुढच्या वर्षी पाहू म्हणतात. त्यांना विचारायचं होतं ते त्यांच्या तोंडून निघेना. मीच म्हटलं, "ताई, खोली रिकामी आहे. परीक्षा झाली की आणून सोडा. घरच्यांशी मी बोलते."

त्यांनी मान हलवली. प्राची मागे उभी होती, तिला ऐकू गेलं. ती लगेच खिडकी उघडून बाहेर पाहायला लागली, टेबल कुठे ठेवायचं ते ठरवत असावी.

लोक मला म्हणतात, मामाजी पिकलं पान होते, हाल न होता गेले, सुनेनं सेवा केली, सगळं चांगलं झालं. त्यांचं खरं असेल. मी मान डोलावते. पण माझं मन भरलेलं नाही. आपलं बोलणं आत्ता कुठे सुरू झालं होतं. एक उन्हाळा, एक पावसाळा, आणि मधे ते फोन, जे तुम्ही मला द्यायचं टाळलंत आणि मी मागून घेतले नाहीत. 'या' हा शब्द किती लहान आहे. तो माझ्या तोंडून ऑटोपाशी निघाला असता, तर तुम्ही लवकर आला असता का? कदाचित नसता आला. तुम्ही हट्टी होता. पण ऐकून गेला असता.

काल संध्याकाळी मी वेळेवर घरी आले. अंगणात ऊन होतं. चहा घेऊन उंबऱ्याशी बसले तर रेवा येऊन उभी राहिली. तुमच्या फोनची वेळ झाली होती. ती म्हणाली, "आई, आता शाळेतलं मी कुणाला सांगू?"

मी म्हणाले, मला सांग.

तिनं क्षणभर विचार केला, आणि मग सांगू लागली. कुठल्याशा मुलीनं तासाला लपून चिंचा खाल्ल्या, बाईंनी तिला उभं करून उत्तर विचारलं, आणि तोंडात चिंचोका असल्यामुळे ती बोलेना. रेवानं गाल फुगवून दाखवले, बाईंचा आवाज काढला, हात नाचवले. मी तिच्याकडे पाहत होते. गोष्ट संपली तेव्हा ती माझ्या चेहऱ्याकडे बघत थांबली.

तुम्हाला बरोबर कळलं असतं, कुठे हसायचं ते. मी जरा उशिरा हसले.